अपघाताच्या दाव्यासाठी डॉक्टरांचा तज्ज्ञ अहवाल तातडीने कसा मिळवावा?

रावेरकडे ट्रकमध्ये केळीचे घड भरण्याचे काम करणाऱ्या आपल्या भावाचा गुडघा महामार्गावरील अपघातात मोडला, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पुराव्याची तारीख तीन आठवड्यांवर आली आहे आणि वकिलांनी तोवर अपंगत्वाबाबत तज्ज्ञ अहवाल आणायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. मी खान्देशात अशाच दाव्यांमध्ये अर्जदारांच्या बाजूने वकिली करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घाई आहे म्हणून ज्यांनी भावाला कधी तपासलेच नाही अशा डॉक्टरांकडून टक्केवारीचा दाखला कृपा करून घेऊ नका. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा तयार दाखल्यांबाबत न्यायाधिकरणांना स्पष्ट शब्दांत सावध केले आहे, आणि विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच विचारतात. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या अस्थिरोगतज्ज्ञांकडेच आधी जा. ते उपलब्ध नसतील तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सगळे सिव्हिल सर्जन म्हणतात त्यांच्याकडे, वैद्यकीय मंडळामार्फत तपासणीसाठी अर्ज करा.

त्याआधी रुग्णालयाकडे केस पेपर, शस्त्रक्रियेची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे यांची लेखी मागणी करून पोच घ्या. वैद्यकीय व्यावसायिकांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार अशी मागणी आल्यावर 72 तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. तोंडी मागणीचा कोणताही पुरावा राहत नाही, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक दिवस याच टप्प्यावर वाया जातात.

आता खरा महत्त्वाचा भाग. डॉक्टरांना फक्त ‘दाखला द्या’ म्हटले तर ते पायाच्या अपंगत्वाचा एक आकडा लिहून देतील, आणि तो आकडा पायापुरताच असतो. न्यायाधिकरणाला मात्र या दुखापतीमुळे या माणसाची कमाई किती बुडाली हे ठरवायचे असते. वर उल्लेखिलेल्या निकालातच उदाहरण आहे की डावा हात गमावलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाईची क्षमता जवळजवळ पूर्ण जाऊ शकते, तर तीच दुखापत झालेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून वकिलांकडून डॉक्टरांच्या नावे पत्र लिहून घ्या आणि त्यात भावाचे काम नेमके सांगा : घड खांद्यावर घेऊन बागेतल्या ओल्या, उंचसखल जमिनीवरून चालणे, ट्रकच्या फळीवर चढणे, दिवसभर उकिडवे बसणे आणि उठणे. त्यापुढे थेट प्रश्न विचारा. गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो, ओझे घेऊन चढता येईल का, पुढे आणखी शस्त्रक्रिया लागेल का, पायाचे अपंगत्व संपूर्ण शरीराच्या हिशेबात किती भरते, आणि हे मत कोणत्या तपासणीवर आधारलेले आहे? असे पत्र हाती असले की व्यग्र डॉक्टरही लवकर लिहून देतात, कारण काय लिहायचे याचा विचार त्यांना नव्याने करावा लागत नाही.

हाड अजून पूर्ण जुळले नसेल किंवा उपचार चालू असतील, तर कायम अपंगत्वाचे मत आज मिळणार नाही आणि ते ओढूनताणून घेऊही नये. अशा वेळी डॉक्टरांकडून सध्याच्या स्थितीची आणि अंतिम तपासणी साधारण केव्हा शक्य होईल याची लेखी नोंद घ्या व तिच्या आधारे मुदतीचा अर्ज द्या. स्वावलंबन पोर्टलवरून मिळणारे अपंगत्वाचे ओळखपत्र योजनांसाठी जरूर काढा. या अहवालाची जागा ते घेत नाही.

अहवाल मिळाल्यावर डॉक्टरांच्या साक्षीचा प्रश्न उरतो, आणि समन्स निघूनही दवाखाना सोडून न्यायालयात दिवस घालवायला ते तयार नसतात. सर्वोच्च न्यायालयाने याही अडचणीचा विचार केला आहे. डॉक्टरांना ठरावीक वेळ द्यावी, त्यांना ताटकळत ठेवू नये, त्यांच्या सोयीच्या वेळी कमिशनद्वारे, म्हणजे न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यक्तीमार्फत, साक्ष नोंदवावी आणि त्यांना वाजवी मोबदला द्यावा, असे मार्ग त्या निकालात सांगितले आहेत. निकालाचा हा भाग जोडून तारखेआधीच अर्ज द्यायला आपल्या वकिलांना सांगा. अहवालाची प्रतही विमा कंपनीच्या वकिलांना आगाऊ पाठवा. त्यांनी आक्षेप नसल्याची पुरसिस, म्हणजे तसे लेखी निवेदन, न्यायाधिकरणात दिली, तर तोंडी साक्षीशिवायही अहवाल वाचला जाऊ शकतो.