थर्ड इयरला एक सेमिस्टर जर्मनीत एक्सचेंजला गेलं तर वर्ष वाया जातं का?

जातंच असं नाही, पण जाऊ शकतं. आणि ते तिकडच्या युनिव्हर्सिटीवर कमी, तुमच्याच कॉलेजने सिलॅबसमध्ये त्यासाठी जागा ठेवलीय का यावर जास्त ठरतं. मी पुण्यात एका ऑटोनॉमस इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवतो आणि एक्सचेंजवाल्या मुलांच्या कागदपत्रांचं काम माझ्याच गळ्यात आहे.

पहिली अडचण कॅलेंडरची. तिकडे विंटर सेमिस्टरची लेक्चर्स ऑक्टोबर ते फेब्रुवारी, मग परीक्षा. आपलं पाचवं सेम जुलै-ऑगस्टलाच सुरू झालेलं असतं आणि सहावं जानेवारीत, म्हणजे एकाच्या नादात दोन्ही लटकतात. त्यांचं समर एप्रिल ते जुलै, तेव्हा आपलं सहावं अर्ध्यावर आलेलं. त्यामुळे थर्ड इयरपेक्षा आठवं सेम बघा असं मी सांगेन, कारण बऱ्याच ठिकाणी तेव्हा फक्त प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप असते आणि तिकडच्या लॅबमध्ये केलेला प्रोजेक्ट मोजून घेणं सगळ्यात सोपं. फक्त रिझल्ट उशिरा लागतो, प्लेसमेंट झाली असेल तर जॉइनिंगचं कंपनीशी आधीच बोलून घ्या.

दुसरी अडचण क्रेडिटची, आणि खरी गोची इथेच आहे. युरोपात इरॅस्मस ही विद्यार्थी एक्सचेंजची योजना 1987 ला 11 देशांतल्या 3,244 मुलांवर सुरू झाली, आणि 1989 पासून त्यांनी ईसीटीएस क्रेडिट आणले, म्हणजे एकीकडचा अभ्यास दुसरीकडे मोजता यावा. त्यांच्या सेमला 30 ईसीटीएस, आपल्याकडे साधारण 20 क्रेडिट, हिशोब काही अवघड नाही. पण आपल्याकडे कोणीतरी सिलॅबस समोर घेऊन बसतं, कंट्रोल सिस्टिम्सच्या युनिट चारमध्ये आमच्याकडे रूट लोकस आहे, त्यांच्यात दिसत नाही, नामंजूर! आता तीच पाच युनिट्स तशीच्या तशी शिकायची असतील तर पोराने एवढ्या लांब जायचं कशाला? माझं मत विचाराल तर एका सेममध्ये सगळ्या इलेक्टिव्हच ठेवाव्यात आणि तिकडचे कोर्स इलेक्टिव्ह म्हणून सरळ धरावेत. जिथे असं केलंय तिथे मुलांचं काही अडत नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा कागद असतो, त्यात तिकडचा कोणता कोर्स इकडच्या कशाच्या बदल्यात ते लिहिलेलं असतं. त्यावर एचओडींची आणि एक्झाम सेलची सही झाल्याशिवाय तिकीट काढू नका. "बघू, आल्यावर करू" हे उत्तर म्हणजे नाही समजा. ग्रेड कशा बदलणार तेही लिहून घ्या, कारण जर्मनीत 1.0 सगळ्यात भारी आणि 4.0 म्हणजे जेमतेम पास. आमच्याकडे एकाची 1.3 ची मार्कशीट बघून ऑफिसमधल्या मॅडमनी दहापैकी समजून विचारलेलं, हा सगळ्यातच नापास कसा झाला?

पैशांचं म्हणाल तर दोन कॉलेजांत एक्सचेंजचा करार असेल तर तिकडे सहसा ट्यूशन फी लागत नाही, फी इकडचीच भरायची. करार नसताना कोणी 'सेमिस्टर अब्रॉड पॅकेज' विकत असेल तर क्रेडिटचं लेखी मागा, मग बोला. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटचा (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) हिशोब 2024 च्या सप्टेंबरपासून महिन्याला 992 युरो धरतात. कॉलेजकडे इरॅस्मस प्लसची (त्याच इरॅस्मसचं आताचं रूप) सीट असेल तर मात्र महिन्याचं अनुदान मिळतं, त्याची चौकशी आधी करा.

आणि हो, बॅचलरला इंग्लिशमधून कोर्स तिकडे कमीच असतात. यादी करताना प्रत्येक कोर्ससमोर भाषा कोणती आणि तो विंटरला असतो की समरला हे लिहा, बरेचसे वर्षातून एकदाच होतात.