डोळा आहे, पण फुटत नाही

तुझ्या पेरणीच्या प्रयोगाचे आलेख पाहिले. दाट पेरलेल्या गव्हाला फुटवे कमी, इथवर ठीक. पण पुढे "उजेड कमी पडल्यामुळे" असं लिहून तू मोकळं झालास, ते मला पटलं नाही. तुझीच वही उघड. फुटवे थांबले त्या आठवड्यात दोन ओळींमधली माती अजून उन्हात होती. सावली पडलीच नव्हती, तरी रोपांनी हात आखडता घेतला.

त्यांना शेजाऱ्याची चाहूल लागली ती रंगावरून. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं. त्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा फार-रेड प्रकाश मात्र बहुतेक परतवतं नाहीतर आरपार सोडतं. उघड्यावर लाल आणि फार-रेड (६६० आणि ७३० नॅनोमीटर) यांचं गुणोत्तर १.२ च्या आसपास असतं, दाट पिकाच्या बुडाशी ते ०.२ च्याही खाली जातं. शेजारच्या पानांवरून आडवा येणारा फार-रेड सावलीच्या कितीतरी आधी पोचतो. रोपातलं प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य, फायटोक्रोम, लाल प्रकाशाने जागं होतं, फार-रेडने निजतं. ते निजलं की रोप उंचीच्या मागे लागतं आणि पानांच्या बगलेतले डोळे, ज्यांतून फुटवे येतात, ते दबून राहतात.

ज्वारीत फायटोक्रोम-बी (त्याच रंगद्रव्याचा एक प्रकार) निकामी झालेला एक वाण आहे. भर उन्हातही तो सावलीतल्यासारखा उंच, सडपातळ वाढतो. गंमत म्हणजे त्याच्यात डोळे तयार होतात, फक्त फुटत नाहीत. टीबी-१ नावाचं जनुक त्यांना दाबून ठेवतं. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे, त्याचा झुबका जाऊन मक्याचं एकच ताट उरलं, त्यातही याच जनुकाचा मोठा वाटा.

म्हणून नुसते फुटवे मोजू नकोस. रोप उपट, बाहेरून एकेक पान पर्णकोषासकट सोल. बगलेत मोहरीहून बारीक, पांढुरका, चपटा डोळा सापडतो का बघ. डोळाच नसणं वेगळं आणि असून न फुटणं वेगळं.

तुझ्या प्रकाश मोजायच्या मीटरवरही विसंबू नकोस. तो ४०० ते ७०० नॅनोमीटरच मोजतो, ७३० त्याच्या गावीही नाही. मी स्वतः एक अख्खा हंगाम काळ्या जाळीखाली घालवलाय. काळी जाळी सगळेच रंग सारखे कमी करते, म्हणजे गुणोत्तर बदलतच नाही, हे मला कापणीनंतर सुचलं!

आता विरळ ओळींत बुडाशी फार-रेड दिवे लावून बघ, वरचा उजेड तसाच राहू दे. नत्र मात्र सगळीकडे सारखं दे. ते कमी पडलं तरी फुटवे अडतात. आणि सोललेल्या रोपाचा फोटो पाठव, शेजारी मोहरीचा दाणा ठेवून.