पार्टिशन केलं तरी क्वेरी हळूच? आधी प्लॅनमध्ये पार्टिशन मोजा

तुमची अडचण थोडक्यात अशी: पोस्टग्रेस या डेटाबेसवर ४० कोटी ओळींचं व्यवहारांचं टेबल, दर महिन्याचं एक अशी ६० पार्टिशन (टेबलाचे वेगळे ठेवलेले तुकडे), आणि तरीही एका महिन्याचा अहवाल काढायला पूर्वीइतकाच वेळ. म्हणून रॅम वाढवायचा विचार चाललाय. तो तूर्त बाजूला ठेवा.

तुम्ही दिलेल्या अहवालाच्या क्वेरीत (डेटाबेसला केलेल्या विचारणेत) नोंद_वेळ या कॉलमला टू_चार हे तारखेचा मजकूर करणारं फंक्शन लावून त्याची '२०२४-०३' शी तुलना केली आहे. घोळ इथेच आहे. पार्टिशनच्या सीमा नोंद_वेळच्या मूळ किमतींवर आखलेल्या असतात. फंक्शनमधून बाहेर पडणाऱ्या मजकुराचा त्या सीमांशी काय संबंध, हे प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला, कळायला मार्ग नाही. मग तो साठच्या साठ पार्टिशन चाळत बसतो, आणि नोंद_वेळवरचा साधा इंडेक्सही (ओळी पटकन शोधायची सूची) या अटीसाठी कामाला येत नाही.

कॉलम मोकळा सोडा आणि सगळं गणित उजव्या बाजूला न्या:

नोंद_वेळ >= '२०२४-०३-०१' आणि नोंद_वेळ < '२०२४-०४-०१'

इथे बिटवीन ('पासून-पर्यंत'ची अट) वापरून '२०२४-०३-३१' पर्यंत लिहिलंत, तर ३१ तारखेचे मध्यरात्रीनंतरचे जवळजवळ सगळे व्यवहार गळतील. एरर काही येत नाही, फक्त बेरीज कमी भरते. असा एक फरक शोधण्यात माझ्या दोन रात्री गेल्या आहेत, म्हणून आवर्जून सांगतोय.

आता एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ चालवा (ते क्वेरी चालवून तिचा प्लॅन, म्हणजे ती कशी चालली ते दाखवतं) आणि किती पार्टिशनची नावं येतात ते मोजा. फक्त मार्चचं आलं पाहिजे. तारीख थेट न लिहिता नाऊ() वरून, म्हणजे चालू वेळेवरून काढली असेल, तर नको असलेल्या पार्टिशनची छाटणी क्वेरी चालू होताना होते; पोस्टग्रेसच्या आवृत्ती ११ पासून ही सोय आहे. तेव्हा प्लॅनमध्ये 'सबप्लान्स रिमूव्ह्ड' आणि पुढे आकडा दिसेल.

दुसरी क्वेरी, म्हणजे नुसत्या ग्राहक क्रमांकावरून शोध, जरा अवघड आहे. पोस्टग्रेसमध्ये सगळ्या पार्टिशनना मिळून एकच ग्लोबल इंडेक्स नसतो. मूळ टेबलावर इंडेक्स केलात तरी आत ६० वेगळे इंडेक्स तयार होतात, आणि तारीख दिली नाही तर साठही धुंडाळावे लागतात. 'गेल्या ३ महिन्यांतले व्यवहार' एवढं स्क्रीनवर चालत असेल तर ती अट क्वेरीत घालाच. मात्र बहुतेक शोध ग्राहकावरूनच होत असतील, तर माझ्या मते पार्टिशन कीच (ज्या कॉलमवरून तुकडे पाडले तो) चुकली आहे. तसं ठरवण्याआधी पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये (पोस्टग्रेसची क्वेरींची नोंद ठेवणारी सोय) कुठली क्वेरी किती वेळा येते ते बघा. अंदाजावर एवढं टेबल पुन्हा रचू नका.

नवा इंडेक्स लागलाच तर चालू सिस्टीमवर मूळ टेबलाला कंकरंटली (टेबलातलं लिखाण न अडवता इंडेक्स करायचा पर्याय) चालत नाही. 'ऑन ओन्ली' देऊन फक्त मूळ टेबलावर इंडेक्स करा, मग एकेका पार्टिशनवर कंकरंटली, आणि शेवटी ते पार्टिशनवरचे इंडेक्स मूळ इंडेक्सला अटॅच करा.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल) प्रत्येक पार्टिशनचं अ‍ॅनलाइझ करतो, म्हणजे प्लॅनरला लागणारी आकडेवारी गोळा करतो, पण मूळ टेबलाचं नाही. मग जॉइनमध्ये (टेबलं जोडताना) ओळींचे अंदाज भलतेच येऊ शकतात. महिन्याचा डेटा भरून झाला की मूळ टेबलावर अ‍ॅनलाइझ स्वतः चालवा.

अट बदलल्यावर दोन्ही क्वेरींचे प्लॅन एक्स्प्लेनच्या बफर्स या पर्यायासह (किती डेटा वाचला ते दाखवणारा) इथे टाका. दुसरीच्या प्लॅनमध्ये वेळ नेमका कशात जातोय, ते बघून पुढचं सांगतो.