वाचकांचे प्रश्न : हवामान बदलले की प्राणी आणि झाडे कुठे जातात?

प्रश्न : तापमान वाढले, तर सजीव थंड जागी सरकतील; मग त्यात एवढी चिंता कशाची?

उत्तर : सरकण्यासाठी पुढे जागा असावी लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. डोंगरावर दर 1,000 मीटर चढाला तापमान सुमारे 6.5 अंश सेल्सियसने उतरते, त्यामुळे उष्मा वाढला की अनेक जाती हळूहळू वर सरकतात. पण शिखरापाशी डोंगरच संपतो. उत्तर अमेरिकेतील पिका हा सशाच्या गणातला, मूठभर आकाराचा प्राणी खडकांच्या फटींत राहतो आणि हिवाळ्यासाठी गवत तोडून, तोंडात धरून, फटीत साठवतो. दाट केसांमुळे त्याला ऊन सोसत नाही. दुपार तापली की तो खडकाखाली दडून बसतो आणि बेगमीचे तास वाया जातात.

झाडांचे तर आणखी कठीण, कारण उभे झाड हलत नाही, त्याचे बीजच काय ते पुढे जाते, तेही वारा किंवा पक्षी नेईल तिथे, आणि वाटेत शेते, रस्ते, वस्ती आली की तो प्रवास खुंटतो.

बेटांवर तर पर्यायच नसतो. ऑस्ट्रेलियाच्या टोरेस सामुद्रधुनीतील ब्रॅम्बल के या चिमुकल्या बेटावर समुद्राचे पाणी वारंवार चढल्याने वनस्पती नष्ट होत गेल्या आणि त्यांवर जगणारा, जगात इतरत्र कुठेही न आढळलेला उंदीर संपला. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. त्याची आठवण मला आजही अस्वस्थ करते.