“माझे बाबाही असं करतील का?”

प्रश्न: मी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बायबलमधल्या गोष्टी शिकवते. अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो ती गोष्ट चालू असताना एका मुलीने विचारलं, “देवाने सांगितलं तर माझे बाबाही असं करतील का?” मला उत्तर सुचलं नाही. अशा गोष्टी वगळाव्यात का?

उत्तर: ताई, पुढच्या तासाला सगळ्यात आधी त्या मुलीला उत्तर द्या. एका शब्दात: नाही. त्याला ‘पण’ जोडू नका. पोटात भीती असलेलं मूल गोष्ट ऐकत नाही. मग हे ‘नाही’ बायबलमध्येच दाखवा. लेवीय 18 मध्ये (लेवीय या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात) मुलांचा बळी द्यायला मनाई आहे. यिर्मया 7 मध्ये तर देव म्हणतो, हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या काळी आजूबाजूला ही चाल होतीच. शेजारच्या मवाब देशाच्या राजाने थोरल्या मुलाचा तटावर बळी दिल्याचं 2 राजे 3 मध्ये आहे.

गोष्ट मात्र वगळू नका. मुलं ती कुठेतरी ऐकणारच, तेव्हा शेजारी तुम्ही नसाल. या वयाच्या मुलांना मी शेवट आधीच सांगतो: देवदूताचा आवाज बापाला थांबवतो, मुलगा वाचतो, झुडपात शिंगं अडकलेला एडका सापडतो. मग उत्पत्ति 22 सावकाश वाचतो. तीन दिवसांची वाट. लाकडं इसहाकाच्याच पाठीवर. “कोकरू कुठे आहे?” हा त्याचा प्रश्न. इथे मी थांबतो आणि मुलांना बोलू देतो.

एकदा एका मुलाने विचारलं, सदोम शहराचा नाश टळावा म्हणून अब्राहाम देवाशी घासाघीस करतो, तिथे पन्नास नीतिमान माणसं असली तर, इथपासून दहा असली तर, इथपर्यंत, मग स्वतःच्या मुलासाठी गप्प का? फार मोलाचा प्रश्न. त्यावर ‘आज्ञा पाळावी’ असं तात्पर्य चिकटवणं मला अजिबात पटत नाही. परतताना इसहाकाचं नाव येत नाही आणि बापलेकांचं बोलणं पुन्हा कुठेही नोंदलेलं नाही, हेही मुलांना शोधू द्या.

इफ्ताहाच्या मुलीची गोष्ट (शास्ते 11) मात्र एवढ्यात नको. बापाच्या नवसापायी तिचा बळी जातो आणि इथे थांबवणारा आवाज येत नाही. ती चौदा-पंधराव्या वर्षी घ्या, आणि दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करणाऱ्या मुलींपर्यंत पूर्ण वाचा.