रात्री साडेअकराला एकटीच दादरला उतरणार आहे. मुंबई नवीन आहे. बाहेर पडणं सुरक्षित आहे का, हे कसं ओळखू?

घड्याळापेक्षा वर्दळ बघा: बायका, कुटुंबं, उघडी दुकानं दिसतायत तोवर त्या रस्त्याने चाला, नाहीतर टॅक्सी करा (दादरला रिक्षा मिळत नाहीत). रात्रपाळी सुटल्यावर मी अनेक वर्षं इथूनच लोकल पकडते, त्यावरून सांगते. पुढे लोकलने जाणार असाल तर महिलांच्या डब्यावर ‘२४ तास’ लिहिलंय का ते आधी वाचा. काही डबे रात्री अकरानंतर सर्वांना खुले होतात. मदतीसाठी रेल्वेत १३९, बाहेर ११२. मात्र गाडी उशिरा येऊन एक वाजून गेला, तर हा आडाखा चालत नाही. लोकल बंद होतात, रस्ते ओस पडतात. तेव्हा पहाटे चारपर्यंत प्रतीक्षालयातच थांबा, प्लीज.