टमी टक: आधी मिश्री सोडा, मग तारीख घ्या

प्रश्न : वय 37. दोन मुलं, दोन्ही सिझेरियनची. धाकटा तीन वर्षांचा. चालून आणि खाणं आवरून नऊ किलो वजन उतरवलं, पण ओटीपोटाची कातडी लोंबते ती लोंबतेच. घामाने घडीत चट्टे उठतात. एका क्लिनिकने टमी टकचं, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून काढण्याच्या ऑपरेशनचं, पॅकेज सांगितलंय, पुढच्या महिन्याची तारीख देतात. आठवड्यात कामाला लागाल म्हणाले. सकाळी मिश्री लावते, बाकी व्यसन नाही. करू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, ऑपरेशन करूच नका असं मी म्हणणार नाही. इतकं वजन उतरवूनही कातडी सैल राहिली, यात तुमचा काही दोष नाही. गरोदरपणात ताणली गेलेली कातडी व्यायामाने मागे जात नाही. पण पुढच्या महिन्याची तारीख घेऊ नका. कारण तुम्ही जाता जाता लिहिलंय तेच, मिश्री.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरड्यांतून निकोटीन रक्तात उतरतं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. टमी टकमध्ये पोटाची कातडी पार बरगड्यांपर्यंत आतून सुटी करतात, खाली ओढतात, जादा भाग कापून शिवतात. तिचा रक्तपुरवठा तेवढ्यानेच तोकडा झालेला असतो. त्यात निकोटीन असेल, तर ओटीपोटाच्या मधोमध, जिथे टाक्यांवर ओढ सर्वांत जास्त, तिथली कातडी काळी पडते, जखम उघडते, आणि मग ड्रेसिंग संपता संपत नाही. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की बायका मनापासून ‘नाही’ म्हणतात. मिश्रीला घरात कुणी तंबाखू धरतच नाही. म्हणून मी मिश्रीचं नाव घेऊन विचारते. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही चार आठवडे ती पूर्ण बंद हवी. निकोटीनचं च्युइंगगमही नको.

घरी एक करून पाहा. उताण्या झोपा, गुडघे दुमडा, बोटं जुळवून बेंबीच्या वर मधोमध टेकवा आणि डोकं जरा उचला. दोनपेक्षा जास्त बोटं आत रुतली, तर पोटाचे उभे स्नायू फाकले असावेत. या ऑपरेशनमध्ये ते शिवून जवळ आणता येतात. नुसत्या लायपोसक्शनने, म्हणजे चरबी शोषून काढल्याने, ते होत नाही. खोकताना बेंबीपाशी फुगवटा येत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, हर्निया असू शकतो. वजन अजून उतरवायचं असेल तर आधी उतरवा आणि सहा महिने टिकवून दाखवा. तिसऱ्या मुलाचा विचार असेल तर थांबाच.

‘आठवड्यात कामाला’ हे मला अजिबात पटलेलं नाही. भूल देऊन दोन ते चार तासांचं ऑपरेशन आहे हे. व्रण कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातो. तो फिका होतो, पुसला जात नाही. सिझेरियनचा जुना व्रण बहुधा कापलेल्या कातडीबरोबर निघून जातो. सुरुवातीला कमरेत वाकूनच चालावं लागतं, झोपताना पाठीशी आणि गुडघ्यांखाली उशा. आत साचणारं पाणी बाहेर काढायला काही दिवस ड्रेनची नळी, साधारण सहा आठवडे पोटाला पट्टा. बैठं काम दोन-तीन आठवड्यांनी जमेल, पण भरलेली बादली, सिलिंडर आणि तुमचा तीन वर्षांचा मुलगा सहा आठवडे उचलायचा नाही. तो रडत आला तर कडेवर कोण घेणार, हे यजमानांशी आणि सासूबाईंशी आधी बोलून ठरवा. बेंबीखालचा भाग काही महिने बधिर राहतो, त्याला घाबरू नका.

डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, हे विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासा. विचारायला संकोच नको. ऑपरेशन कुठे होणार, भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही झालं तर आयसीयू आहे का, हेही विचारा. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनला विमा सहसा मिळत नाही, म्हणून खर्च लेखी घ्या. कातडीखाली पाणी साचून पुन्हा जावं लागलं तर त्याचे पैसे वेगळे का, तेही.

गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सांगा. त्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गुठळी होऊ नये म्हणूनच ऑपरेशननंतर लवकरात लवकर उठवून चालवतात, दुखलं तरी चाला. घरी आल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवा. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर उजाडायची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.